बँड चांगला आहे, पण विकिपीडियावर त्याची नोंद होईल का?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात पाच जणांचा एक मराठी रॉक बँड आहे. सात वर्षं वाजवताहेत. एक अल्बम, नऊ सुटी गाणी, त्यातल्या एकाला यूट्यूबवर सहा लाखांवर व्ह्यूज, वर्तमानपत्रांत अधूनमधून नाव, दोन महाविद्यालयीन स्पर्धांमध्ये पहिला क्रमांक. बँडचं कामकाज बघणाऱ्या ताईंनी मराठी विकिपीडियावर लेख लिहिला. दुसऱ्या दिवशी त्यावर 'पानकाढा' साचा, म्हणजे लेख काढून टाकावा अशी सूचना, लागला आणि तिसऱ्या दिवशी लेख गेला. आता एक गृहस्थ पस्तीस हजार रुपयांत 'पान करून देतो, कायमचं राहील' म्हणताहेत. ताईंनी लेखाची प्रत आणि अकरा लिंक पाठवून विचारलंय की आमचा बँड नोंद होण्याइतका मोठा नाही का?

ताई, मी चौदा-पंधरा वर्षं मराठी आणि इंग्रजी विकिपीडियावर संपादन करतोय, त्यातला बराच काळ संगीतावरचे लेख तपासण्यात गेला. आधी पैशांचं सांगतो, कारण ते तातडीचं आहे. देऊ नका. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर 'ऑरेंजमूडी' नावाचं एक प्रकरण उघडकीला आलं. ३८१ खाती एकाच वेळी बंद करावी लागली आणि त्यांनी चढवलेले दोनशेहून जास्त लेख काढावे लागले. त्यांची पद्धत साधी होती. नाकारलेले मसुदे कुणालाही बघता येतात. ते हेरायचे, ज्याच्यावर मसुदा आहे त्याला गाठायचं, आपण इथले जुने संपादक आहोत असं भासवून पैसे घ्यायचे, लेख चढवायचा आणि नंतर तो 'सांभाळायचे' म्हणून पुन्हा पैसे मागत राहायचं. तुमचा लेख उडाल्यावर चौथ्याच दिवशी त्या गृहस्थांचा फोन आला असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा मला हेच आठवलं. विकिपीडियावरचं कुठलंही पान कायम राहील अशी हमी देणं कुणाच्याही हातात नाही, पानं काढण्याचे अधिकार असलेल्या प्रचालकाच्याही नाही. आणि पैसे घेऊन लिहिणाऱ्यानं ते उघडपणे जाहीर करायचं, ही अट २०१४ पासून वापराच्या अटींमध्येच आहे. जो ते लपवतो त्याचं लिखाण सापडलं की लेखासकट जातं, आणि बँडच्या नावावर डाग राहतो तो वेगळाच.

आता मूळ प्रश्न. 'मोठा' हा शब्द आधी बाजूला ठेवू या. विकिपीडियाच्या मराठीत 'उल्लेखनीयता' असा शब्द रूढ आहे आणि तो ऐकला की वाटतं, कुणीतरी बँडची लायकी ठरवतंय. तसं नाही. विश्वकोश स्वतःच्या पदरचं काही लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहून, छापून, तपासून ठेवलेलं एकत्र करून मांडतो. केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले तेव्हा कुठल्या विषयाला किती पानं द्यायची ही मोठीच विवंचना असणार, कारण कागद आणि पैसा दोन्ही मोजकं होतं. ऑनलाइन कोशात जागेची अडचण नाही. अडचण असते ती साधनांची, म्हणजे आधार म्हणून दाखवता येईल अशा लिखाणाची. तुमच्या बँडशी काहीही देणंघेणं नसलेल्या माणसांनी, आपणहून, बँडविषयी इतकं लिहिलंय का, की फक्त त्यांच्या लिखाणावरून एक धड लेख तयार होईल? एवढाच प्रश्न असतो. बँड चांगला वाजवतो की वाईट, याला त्यात जागा नाही. मी तुमचा अल्बम दोनदा ऐकला, चौथं गाणं मला फार आवडलं. पण ते माझं मत झालं, त्यानं लेख उभा राहत नाही.

हे तपासायची माझी एक पद्धत आहे, ती तुम्हीही वापरू शकता. तुमच्या लेखाची प्रत घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे लिहा, हे मला कुणी सांगितलं? जिथं उत्तर 'आम्हालाच माहीत आहे', 'आमच्या वेबसाइटवर आहे' किंवा 'बँडनं मुलाखतीत सांगितलं' असं येईल ते वाक्य खोडा. उरेल तो तुमचा लेख. मी तसं केलं. तुमच्या बेचाळीस वाक्यांपैकी पाच उरली. 'सळसळत्या ऊर्जेनं रसिकांच्या हृदयावर अधिराज्य गाजवणारा' हे पहिलंच वाक्य गेलं, आणि खरं सांगायचं तर लेख इतक्या झटपट उडण्याला ते वाक्यही कारणीभूत असणार. प्रसिद्धीपत्रकाची भाषा दिसली की तपासणारा पुढचं वाचतो तेही संशयानंच.

मग तुमच्या अकरा लिंक उघडल्या. प्रत्येकीला तीनच प्रश्न विचारायचे. लिहिणारा कोण, बँडवर किती लिहिलंय, आणि त्यानं ते का लिहिलं?

पहिली लिंक शहर पुरवणीतली चार कॉलमी बातमी, फोटोसकट. तुमचा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर होता. मी ती बातमी आणि तुमच्या फेसबुक पानावरचं अल्बमचं प्रसिद्धीपत्रक शेजारी शेजारी ठेवलं. दुसरा, तिसरा आणि चौथा परिच्छेद शब्दशः सारखा निघाला. इतका सारखा, की पत्रकात ड्रमरच्या आडनावात एक वेलांटी चुकली आहे ती बातमीतही तशीच चुकली आहे. म्हणजे उपसंपादकानं पत्रक उचलून लावलं. छापलं वर्तमानपत्रानं, पण लिहिलं तुम्हीच. दुसरी आणि पाचवी लिंक त्याच पत्रकावरून दुसरीकडे आलेल्या बातम्या. तीन ठिकाणी छापून आलं तरी हे साधन एकच, आणि तेही स्वतंत्र नाही.

तिसरी, सहावी आणि नववी लिंक म्हणजे कार्यक्रमांची जाहिरातवजा माहिती: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, प्रवेशमूल्य इतकं. त्यातून बँड तिथं वाजवणार होता एवढंच कळतं. चौथी महाविद्यालयीन महोत्सवाचा वृत्तांत, त्यात बँडला अर्धं वाक्य. सातवी मुलाखत. मुलाखतीबद्दल गैरसमज फार असतात म्हणून जरा थांबतो. मुलाखतीत बँड स्वतःबद्दल जे बोलतो ते बँडचंच म्हणणं, ते स्वतंत्र साधन होत नाही. पण मुलाखतकारानं सुरुवातीला स्वतः ऐकून, शोधून दोन-तीन परिच्छेद लिहिले असतील तर तेवढा भाग धरता येतो. तुमच्या मुलाखतीत तसा भाग तीन ओळींचा आहे. आठवी लिंक एका संकेतस्थळाची. तिथं तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय की हा मजकूर सशुल्क आहे आणि संपादकीय विभागाचा त्याच्याशी संबंध नाही. अशी तळटीप नेहमी बघत चला. पैसे देऊन छापून आणलेल्या मजकुराचं प्रमाण आपल्याकडे इतकं आहे, की भारतीय कलाकारांवरचे लेख तपासताना संपादक आता बातमीदाराचं नाव, तळटीप आणि भाषा या तिन्ही गोष्टी आधी बघतात. 'डेस्क' किंवा 'प्रतिनिधी' नावानं आलेलं, निव्वळ कौतुकाचं आणि शेवटी गाण्याची लिंक देणारं लिखाण सहसा बाजूला पडतं. अकरावी तुमच्याच एका सदस्याच्या मित्राचा ब्लॉग.

राहिली दहावी. एका मासिकातलं साडेआठशे-नऊशे शब्दांचं परीक्षण. लिहिणाऱ्या बाई संगीतावर नियमित लिहितात, त्यांनी अल्बम ऐकलाय, तिसऱ्या आणि सहाव्या गाण्यात गिटारचा आवाज शब्दांवर चढतो अशी तक्रार केलीये, ओवीच्या लयीवर बेतलेल्या ठेक्याचं कौतुक केलंय आणि तो ठेका कुठून आला असावा याचा अंदाज बांधलाय. हे साधन. खणखणीत. त्यात तक्रार आहे म्हणून तुम्ही ते यादीत खाली टाकलं होतं. माझ्या यादीत ते सगळ्यात वर आहे.

तर अकरातलं एक पूर्ण आणि एक थोडंसं. साधारणपणे असं भरीव लिखाण किमान दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांनी केलेलं लागतं. आज तुमची नोंद टिकणार नाही. पण तुम्ही अगदीच दूर आहात असंही नाही.

आता संगीतासाठी जे वेगळे निकष आहेत त्यांचं. इंग्रजी विकिपीडियावर बँडसाठी डझनभर निकषांची यादी आहे. पुष्कळ लोक ती वाचून 'यातला एक बसतो, म्हणजे झालं' असं समजतात. तिथं शब्द आहे तो 'असू शकतो' असा. एखादा निकष बसला म्हणजे शोधलं तर लिखाण सापडेल अशी शक्यता वाढते. लिखाण सापडायलाच हवं, ही अट सुटत नाही.

त्यातला एक निकष म्हणजे देशाच्या अधिकृत संगीत-क्रमवारीत गाणं येणं. इंग्लंड-अमेरिकेतल्या बँडसाठी हा सोपा मार्ग आहे. आपल्याकडे तो जवळजवळ बंद होता. 'इंडियन म्युझिक इंडस्ट्री' या संगीत कंपन्यांच्या संघटनेनं जून २०२१ मध्ये क्रमवारी सुरू केली ती फक्त परदेशी गाण्यांची. फेब्रुवारी २०२२ पासून 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत मासिकाची भारतीय गाण्यांची यादी आहे, ती ऐकल्या जाण्याच्या आकड्यांवर चालते आणि तिथं चित्रपटगीतांचा भरणा असतो. मराठी बँडला या दारातून आत येणं फार अवघड. यूट्यूबच्या, २०२५ मध्ये बंद झालेल्या, 'ट्रेंडिंग'मध्ये आलेलं असलं किंवा एखाद्या अॅपच्या यादीत वर गेलं, ते क्रमवारी म्हणून धरत नाहीत.

दुसरा निकष पुरस्कारांचा. मोठ्या पुरस्काराचं नामांकनसुद्धा चालतं. पण इथं एक घोटाळा सारखा दिसतो. ग्रॅमीसाठी प्रवेशिका पाठवणं वेगळं आणि नामांकन मिळणं वेगळं. प्रवेशिका ढिगानं जातात, त्यांतून मतदान होऊन मोजकी नामांकनं निघतात. प्रवेशिका स्वीकारली गेली की 'ग्रॅमीच्या शर्यतीत' अशी बातमी येते आणि पुढच्या वर्षी तीच 'ग्रॅमी नामांकित' होऊन लेखात शिरते. आम्ही ती मूळ यादी उघडून तपासतो. महाविद्यालयीन स्पर्धा, मग ती कितीही नावाजलेली असो, या निकषात मोठी धरली जात नाही. तुमचे दोन पहिले क्रमांक लेखात एका ओळीत येतील, पण त्यांच्यावर लेख उभा राहणार नाही.

तिसरा, ज्यांच्यावर आधीच स्वतंत्र नोंदी आहेत असे दोन किंवा अधिक सदस्य असणं. भारतीय रागसंगीत आणि जॅझ यांचा मेळ घालणारा 'शक्ती' हा बँड याचं ठळक उदाहरण. जॉन मॅकलॉक्लिन, झाकीर हुसेन, एल. शंकर, विक्कू विनायकराम ही मूळची मंडळी, पुढच्या काळात शंकर महादेवन. बँड म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना 'धिस मोमेंट'साठी ग्रॅमीही मिळाली, पण ती मिळाली नसती तरी त्यांच्या नोंदीबद्दल कुणी शंका घेतली नसती. तुमच्या बँडमध्ये एका चित्रपटाला पार्श्वसंगीत दिलेला एक जण आहे. त्याच्यावर स्वतंत्र नोंद नाही, म्हणून हा निकष लागू होत नाही.

मोठ्या किंवा मातब्बर स्वतंत्र लेबलकडून, म्हणजे गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीकडून, दोन अल्बम, हाही एक निकष आहे. तुमचा एक, तोही स्वतःच काढलेला. यात कमीपणा काही नाही. दिल्लीचा 'परिक्रमा' १९९१ पासून वाजवतोय आणि गाणी लेबलकडे देण्याऐवजी इंटरनेटवर फुकट देण्याबद्दलच ओळखला जातो. लेबलच्या निकषात तो बसणार नाही, पण त्याच्यावर इतक्या जणांनी इतकी वर्षं लिहिलंय की नोंद निर्धास्त आहे. उलट लेबल असलेल्या पण कुणी दखल न घेतलेल्या बँडवरचे लेख मी उडताना पाहिलेत.

एखाद्या शहराच्या किंवा शैलीच्या संगीताचं ठळक प्रतिनिधित्व करणं, हा निकष मला जिव्हाळ्याचा वाटतो, कारण आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना न्याय मिळाला तर तो याच वाटेनं. मुंबईच्या हॉटेलांत १९४०च्या सुमाराला जॅझ वाजवणारे गोवेकर घ्या. अंतोनियो शाव्हियेर व्हाझ, म्हणजे चिक चॉकलेट, हे त्यांतले ट्रम्पेटवादक. स्वतःचा बँड चालवायचे, ताजमहाल हॉटेलात वाजवायचे आणि सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतातही त्यांचा मोठा हात होता. क्रमवारी नाही, पुरस्कार नाही. पण नरेश फर्नांडिस यांनी त्या सगळ्या काळावर संशोधन करून पुस्तक लिहिलं आणि हे वादक कोण, कुठून आले, काय वाजवायचे याला छापील आधार मिळाला. एका चांगल्या पुस्तकानं कित्येक नोंदींची वाट मोकळी होते. मात्र 'आम्ही पुण्यातल्या मराठी रॉकचे प्रतिनिधी' असं बँडनं स्वतः म्हणून भागत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी, अभ्यासानं, लिहावं लागतं.

इथं एक बाजूची गोष्ट. 'बँड' म्हटलं की आपल्या निम्म्या लोकांना लग्नाचा, मिरवणुकीचा बँड आठवतो, आणि त्यांच्या नोंदींबद्दल मला कुणी विचारत नाही याचं वाईट वाटतं. पुण्याच्या मानाच्या गणपतींच्या मिरवणुकीच्या बातम्यांत प्रभात बँड, दरबार बँड ही नावं वर्षानुवर्षं येतात. पण बहुतेक वेळा एका ओळीत: अमुक गणपतीपुढे अमुक बँडचं वादन झालं. शंभर वेळा एक ओळ आली तरी त्यातून लेख होत नाही, कारण बँड कधी सुरू झाला, वादक कुठून येतात, गणवेश आणि वाद्यं कुणाची, चाली कोण बसवतं यातलं काहीच त्या ओळीत नसतं. ग्रेगरी बूथ या संगीत-अभ्यासकानं भारतातल्या लग्नाच्या बँडवर २००५ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्या गावागावांतल्या बँडवाल्यांबद्दल कुणी असं मराठीत बसून लिहिलं तर मी स्वतः त्यावरून नोंदी करीन.

व्ह्यूजबद्दल तुम्ही तीनदा लिहिलंय, म्हणून स्पष्ट सांगतो. सहा लाख हा आकडा आम्ही बघतही नाही. का, ते दोन उदाहरणांतून कळेल. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये 'थ्रेटिन' नावाचा अमेरिकन बँड युरोपच्या दौऱ्यावर आला. फेसबुकवर हजारो चाहते, स्वतःचं लेबल, व्यवस्थापन कंपनी, गच्च भरलेल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ. लंडनला कॅमडनमधल्या 'अंडरवर्ल्ड' या क्लबातल्या कार्यक्रमाची २९१ तिकिटं आधीच खपल्याचं सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात तीन माणसं आली. लेबल, व्यवस्थापन, चाहते, सगळं एकाच माणसानं रचलेलं होतं. मग जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यावर लिहिलं, त्याला भेटून मुलाखती घेतल्या, आणि आज थ्रेटिनवर नोंद आहे, त्या बनावाची नोंद. दुसरं उदाहरण २०२५ च्या जून-जुलैमधलं. 'द व्हेल्वेट सनडाउन' या बँडचे स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांवर श्रोते झाले आणि नंतर कबुली आली की हे सगळं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं केलेलं आहे, वाजवणारी माणसं नाहीतच. आकड्यांच्या मागे माणसं आहेत की नाहीत हे आकडा सांगत नाही. परीक्षण लिहिणाऱ्या त्या बाईंनी मात्र तुमचं तिसरं गाणं ऐकलं होतं, हे त्यांच्या तक्रारीवरूनच कळतं.

या थ्रेटिनच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे, ती बँडमधल्या सगळ्यांना वाचून दाखवा. नोंद झाली की ती तुमची राहत नाही. बँड फुटला, सदस्यांत वाद झाला, चाल उचलल्याचा आरोप झाला आणि ते विश्वासार्ह ठिकाणी छापून आलं, तर तेही लेखात येणार. तुम्हाला ते काढून टाकता येणार नाही. चुकीचं असेल तर चर्चा पानावर आधार देऊन दुरुस्ती मागता येते, एवढंच.

इंटरनेटवर नाही म्हणजे साधनच नाही, असं मात्र समजू नका. साधन छापील चालतं, मराठी चालतं, अगदी इंग्रजी विकिपीडियावरसुद्धा. फक्त प्रकाशनाचं नाव, लेखक, तारीख आणि पान क्रमांक नेमका द्यावा लागतो. काही वर्षांपूर्वी १९८०च्या दशकातल्या मुंबईतल्या एका बँडच्या लेखावर वगळण्याची चर्चा सुरू होती. इंग्रजी विकिपीडियावर अशी चर्चा साधारण सात दिवस चालते. गूगलवर काही सापडत नव्हतं, चार जणांनी 'वगळा' असं लिहून झालं होतं. मी पाचव्या दिवशी एका ग्रंथालयात साप्ताहिकांचे बांधीव खंड काढून बसलो. पानांच्या कडा हाताला लागताच तुटत होत्या. दुपारी तीनच्या सुमारास रंगभवनातल्या एका कार्यक्रमावरचं दीड पान सापडलं, बँडच्या नावाचा मथळा, वादकांची नावं, कुठलं गाणं कसं झालं, सगळं. दुसऱ्या एका खंडात त्यांच्याच रेकॉर्डवरचं परीक्षण. दोन्हींची तारीख आणि पान क्रमांक चर्चेत लिहिला. त्या चौघांतल्या तिघांनी स्वतःहून मत बदललं आणि लेख राहिला. या चर्चेत डोकी मोजत नाहीत, आधार बघतात, म्हणून असं होऊ शकतं.

त्या काळच्या बँडसाठी अशी साधनं पुष्कळ आहेत, पण ती कपाटात आहेत. मुंबईत १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' हा रॉक महोत्सव सुरू झाला. अमित सैगल यांनी १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक काढलं आणि पुढची कितीतरी वर्षं देशभरातल्या बँडची दखल तिथंच घेतली जायची. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन संगीत मासिकाची भारतीय आवृत्ती २००८ ची, पुण्यातला पहिला 'एनएच७ वीकेंडर' हा संगीत महोत्सव २०१० च्या डिसेंबरमधला. तुमच्या आधीच्या पिढीतल्या बँडचं कुणी ओळखीचं असेल आणि त्यांच्याकडे जुने अंक असतील, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका असं माझ्या वतीनं सांगा.

आणि उशिरा दखल घेतली जाणं हे काही तुमच्याच वाट्याला आलेलं नाही. कोलकात्याचा 'मोहीनेर घोडागुली' हा बँड १९७५ चा. १९७७ ते १९७९ या काळात तीन रेकॉर्ड आल्या, फारसं कुणी ऐकलं नाही, बँड थांबला. नव्वदच्या दशकात नवी मुलं ती गाणी म्हणू लागली, १९९५ मध्ये गौतम चट्टोपाध्यायांनी पुन्हा एक संग्रह काढला, २००६ मध्ये त्यांच्या एका गाण्याची चाल हिंदी चित्रपटगीतात आली, आणि आज बंगाली बँडसंगीताची कुठलीही हकीगत त्यांच्यापासून सुरू होते. १९८० साली विकिपीडिया असता आणि कुणी लेख लिहिला असता तर बहुधा तो उडाला असता, आणि त्या घडीला ते बरोबरच ठरलं असतं. आज नाही म्हटलं म्हणजे कधीच नाही असं होत नाही. उलटंही खरं आहे: एकदा भरीव लिखाण झालं की पुढे बँड बंद पडला म्हणून नोंद काढत नाहीत.

'त्या अमुक बँडचं पान आहे, त्यांचं तर आमच्यापेक्षा कमी आहे' असं तुम्ही लिहिलंय. मी ते पान पाहिलं. तुमचं म्हणणं बरोबर आहे, तेही टिकण्यासारखं नाही, अजून कुणाच्या नजरेला आलं नाही इतकंच. त्याचा तुमच्या लेखाला उपयोग नाही.

मग आता काय करायचं? लेख स्वतः पुन्हा चढवू नका. तुम्ही बँडचं काम बघता, म्हणजे तुमचा हितसंबंध आहे, तो तुमच्या सदस्य पानावर एका ओळीत लिहून टाका. त्यात लाजण्यासारखं काही नाही, उलट असं लिहिणाऱ्याशी इतर संपादक जास्त आपुलकीनं वागतात. मसुदा धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या तुमच्या सरावाच्या पानावर, ठेवा, ती पाच वाक्यं घेऊन, प्रत्येकाला आधार जोडून. नवं भरीव लिखाण आलं की त्यात घाला. दोन-तीन झाली की चावडीवर, म्हणजे संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, किंवा चर्चा पानावर दुसऱ्या कुणाला तपासायला सांगा. लेख त्यानं हलवू दे, तुम्ही नको.

तोवर बँडची माहिती जगासमोर असावी असं वाटत असेल तर 'म्युझिकब्रेन्झ' हा संगीताच्या माहितीचा खुला ऑनलाइन संग्रह आहे. तिथं उल्लेखनीयतेची अट नाही. अल्बम, गाणी, कुणी काय वाजवलं, ध्वनिमुद्रण कुठं झालं, सगळं नीट भरा. 'डिस्कॉग्ज' या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर नोंद करायला प्रकाशित झालेलं एखादं ध्वनिमुद्रण असलं की पुरतं. दोन्ही ठिकाणी माहिती काळजीपूर्वक भरली तर उद्या कुणी तुमच्यावर लिहायला बसला की त्याला वादकांची नावं शोधत फिरावं लागणार नाही. कार्यक्रमांचे चांगले फोटो असतील आणि ते काढणाऱ्याची लेखी संमती असेल तर ते कुणालाही वापरता येतील अशा मुक्त परवान्याखाली कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर, चढवून ठेवा. मराठी बँडचे मुक्त फोटो शोधताना माझी नेहमी दमछाक होते.

आणि परीक्षण करणाऱ्यांना अल्बम पाठवा. बातमी लावा म्हणून नव्हे, ऐका म्हणून. सोबत प्रसिद्धीपत्रक जोडू नका, गाण्यांचे शब्द आणि वादकांची यादी जोडा. पत्रक जोडलं की तेच छापून येतं, हे पहिल्या लिंकवरून तुम्ही पाहिलंच. दहाव्या लिंकमधल्या परीक्षणाचा छापील अंक तुमच्याकडे असेल तर त्याचा महिना, वर्ष आणि पान क्रमांक मला कळवा, मी मसुद्यात आधार नीट जोडून देतो. ड्रमरच्या आडनावातली वेलांटी तेवढी फेसबुकवरच्या पत्रकात आजच दुरुस्त करा, नाहीतर पुढच्या बातमीतही ती तशीच जाईल.